काट्यावर आधी तेलाचा डबा

वरसे हे रोह्याला खेटून असलेलं गाव. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारी कितीतरी माणसं या परिसरात राहतात. रंगद्रव्यं, औषधं, कीटकनाशकं आणि त्यांना लागणारी रसायनं बनवणारे हे कारखाने चोवीस तास चालतात. चालू बॅच सणवार पाहत नाही. त्यामुळे इथल्या घरांत जेवणाची वेळ पाळीवर ठरते. नाईट शिफ्ट सुटून सकाळी घरी आलेला माणूस चहाबरोबर चार चपात्या खाऊन पडदे ओढून झोपतो, आणि सेकंड शिफ्टचा माणूस रात्री अकराला ताट वाढून घेतो.

कर्मचाऱ्यांचं वजन कमी करण्याचे उपक्रम आता मोठ्या शहरांतल्या कार्यालयांपुरते राहिलेले नाहीत, ते कारखान्यांतही येऊ लागले आहेत. मालकाला त्यातून फायदा होतो, असं सांगितलं जातं. तो फायदा नेमका कुठे असतो, हे मला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी मी दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. एक भाची, रासायनिक कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात नोकरी करणारी. दुसरे तिचे मामा, आयुष्यभर ऑपरेटर म्हणून तिन्ही पाळ्या करून निवृत्त झालेले, युनियनच्या कमिटीवर काम केलेले. दोघंही कल्पित आहेत आणि कुठल्याही एका कारखान्याचं हे चित्र नाही. ते ज्या अभ्यासांविषयी आणि कायद्यांविषयी बोलतात ते मात्र खरे आहेत.

भाची : मामा, जानेवारीत एक उपक्रम सुरू करायचं चाललंय. नव्वद दिवसांचा. प्रत्येक विभागाचा एक गट, पहिल्या दिवशी सगळ्यांची वजनं, शेवटच्या दिवशी पुन्हा वजनं. ज्या गटाचं जास्त उतरेल त्याला बक्षीस. जूनमध्ये घेतला तर पावसात कोण चालायला बाहेर पडणार, म्हणून जानेवारी.

मामा : जानेवारीत पोपट्या लागतात.

भाची : पोपटीत तेलाचा थेंब नसतो, मामा. तिने कोणाचं पोट सुटलेलं मी पाहिलं नाही.

मामा : तेही खरं. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आणि जाळ. बरं, मला सांग, कंपनी हे का करतेय? आमच्या वेळी कंपनीला आमच्या पोटाची कधी आठवण झाली नव्हती.

भाची : कारण कंपनीला आता त्याची किंमत कळायला लागलीय. पंचेचाळीस-पन्नाशीतला ऑपरेटर बघा. त्याला प्लांट हाताच्या रेषांसारखा पाठ असतो. कुठला व्हॉल्व्ह अडतो, कुठल्या बॅचला तापमान कधी उसळी घेतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. त्याला साखर निघाली, गुडघे गेले, रक्तदाब वाढला, की खाडे सुरू होतात. तो आला नाही आणि रिलिव्हर नाही मिळाला, तर आधीच्या पाळीचा माणूस डबल मारतो. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर. म्हणजे एका खाड्याला दुप्पट दराचे आठ तास, आणि शिवाय सोळा तास जागा असलेला माणूस रिअॅक्टरसमोर. हा शेवटचा खर्च कुठल्या वहीत लिहिला जात नाही, पण मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मामा : हे तू बरोबर बोललीस.

भाची : शिवाय आणीबाणीचं पथक आहे. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क घेऊन तीन मजले जिना चढायचा. मॅनहोलमधून टाकीत उतरायचं. उंचीवरच्या कामाला जो हार्नेस लागतो त्यालाही वजनाची मर्यादा असते. या कामांत वजनाचा प्रश्न दिसण्याचा नाही, जिवाचा आहे.

मामा : तेही मान्य. आता माझं ऐक. तू जे सांगितलंस ते सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्यावर उपाय म्हणून तू काय आणलंस? काटा. सगळ्यांसमोर माणसाला काट्यावर उभं करायचं. एखाद्याचं वजन पंचाण्णव निघालं तर दुपारपर्यंत अख्ख्या बसला माहीत होतं. आणि तो आकडा एकदा तुमच्या फाइलीत गेला की तिथून बाहेर येत नाही. उद्या बढतीच्या वेळी, परवा व्हीआरएसची यादी काढताना कोणीतरी तो बघणारच. तू नाही बघणार, तुझ्यानंतर येणारा बघेल.

इथे मामांच्या बाजूने मला एक उदाहरण द्यावंसं वाटतं. एप्रिल २०२२मध्ये, जागतिक आरोग्य दिनाच्या सुमारास, झेरोधा या बंगळुरूच्या शेअर दलाली कंपनीचे नितीन कामत यांनी जाहीर केलं की ज्या कर्मचाऱ्यांचा बीएमआय २५च्या खाली आहे त्यांना अर्ध्या महिन्याचा पगार बोनस मिळेल. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण टीका झाली आणि ती योग्य होती. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. स्नायू किती आणि चरबी किती, हे त्यातून कळत नाही.

आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तर ते मुळीच कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचं आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी-शेजारी छापलं. दोघांचा बीएमआय सारखाच होता, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबी बाळगून असू शकतो, हे त्या एका पानाने जगाला दाखवलं. झेरोधाचा नियम लावला तर बोनस दोघांनाही मिळाला असता. धाटावच्या एखाद्या प्लांटमध्ये काटा ठेवला तर ज्याला मधुमेहाचा धोका जास्त आहे तो सडपातळ हातापायांचा, जरासं पोट असलेला माणूस हसत काट्यावरून उतरेल आणि त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. अशा उपक्रमाचं मोठं नुकसान मला इथेच दिसतं.

भाची : मामा, मी साहेबांसाठी आकडे काढले होते. कॅथरीन बेकर नावाच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर २०१०मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. आरोग्य उपक्रमावर मालकाने एक डॉलर खर्च केला तर वैद्यकीय खर्चात ३.२७ डॉलर वाचतात आणि गैरहजेरीच्या खर्चात २.७३ डॉलर. साहेबांना हाच आकडा आवडतो.

मामा : आवडणारच. एकाचे सहा कोणाला नको आहेत?

भाची : पण मी पुढेही वाचत गेले. त्याच बेकरबाईंनी नंतर स्वतः मोठा प्रयोग केला. अमेरिकेत बीजेज् म्हणून घाऊक दुकानांची साखळी आहे. १६० दुकानं, सुमारे ३३ हजार कर्मचारी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वीस दुकानं निवडली आणि फक्त तिथेच आहाराचे, व्यायामाचे वर्ग घेतले. दीड वर्षाने मोजलं. वर्ग घेतलेल्या दुकानांत जास्त लोक म्हणाले की आम्ही व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो. पण बीएमआय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, खाडे, वैद्यकीय खर्च, कशातच म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे २०१९मध्ये छापून आलं.

मामा : मग आधीचे सहा डॉलर कुठून आले?

भाची : ते इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासाने दाखवलं, त्याच वर्षी. त्यांनी जवळजवळ पाच हजार कर्मचाऱ्यांवर असाच चिठ्ठ्यांचा प्रयोग केला. जे लोक आपणहून उपक्रमात उतरतात त्यांचा खर्च आधीपासूनच कमी असतो, असं निघालं. जो सकाळी फिरायला जातोच, तोच नाव नोंदवतो. मग त्याची तुलना न आलेल्यांशी केली की उपक्रम यशस्वी दिसतो.

मामा : आमच्या खेळाच्या दिवशीही तेच व्हायचं. धावायला तेच पुढे यायचे ज्यांना धावायची गरज नव्हती.

भाची : पैशाचं आमिषही फार चालत नाही. पेनसिल्व्हेनियात स्थूल कर्मचाऱ्यांना वजन उतरवलं तर विम्याच्या हप्त्यात ५५० डॉलरची सूट देऊन पाहिली. वर्षअखेरीला काही फरक नाही. जपानने तर कायदाच केला, २००८मध्ये. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या प्रत्येकाची कंबर मोजायची, पुरुषाची ८५ सेंटिमीटरच्या वर गेली आणि जोडीला साखर, रक्तदाब वाढलेला असला की सल्लागाराकडे पाठवायचं. त्यातूनही हाती फार काही लागलं नाही, असं २०२०मध्ये तिथल्याच संशोधकांनी लिहिलं.

मामा : मग तू हे का करतेयस? आणि हे साहेबांना सांगितलंस का?

भाची : अजून नाही. कारण दुसऱ्या बाजूलाही खरे आकडे आहेत, आणि ते आपल्या देशातले आहेत. भारतातल्या सात उद्योगांच्या ठिकाणी डॉ. प्रभाकरन यांच्या गटाने काम केलं, २००९मध्ये ते छापून आलं. जिथे काही केलं नाही तिथे कामगारांचं वजन, कंबर, रक्तदाब वाढत गेले. जिथे उपक्रम केला तिथे ते घटले. तिथे नुसती पत्रकं वाटली नव्हती. कँटीनमध्ये मीठ कमी केलं, तेलावर लक्ष ठेवलं, धोका असलेल्या एकेकाशी बसून बोलले. अमेरिकेतल्या दुकानांत वर्ग घेतले आणि आपल्याकडे स्वयंपाकघरात हात घातला, मला तरी फरक हाच वाटतो.

भाचीचं हे निरीक्षण माझंही आहे. त्याला आणखी एक जोड देतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६मध्ये भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष मांडले. साखर सीमेवर असलेली ५३१ माणसं, बहुतेक नोकरदार मध्यमवर्ग. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या चालण्याकडे आणि जेवणाकडे नेटाने लक्ष दिलं त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिलं. आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या दुसऱ्या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. काट्यावर पाहिलं असतं तर कार्यक्रम फसला असं कोणीही म्हटलं असतं, आणि तेवढ्याच काळात दर शंभरातल्या पंधराएक माणसांचा मधुमेह टळला होता. वजन उतरणं हेच यश मानणारा उपक्रम असं काम बंद करून टाकेल.

भाची : चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या कार्यक्रमात तर वजन फारसं न उतरताही मधुमेह टळला, मामा.

मामा : वजन न उतरता साखर टळली? मग बक्षीस कशाला देणार तू?

भाची : तोच प्रश्न मला पडलाय.

मामा : मी तुला माझं सांगतो. २०१८-१९च्या सुमाराला आमच्या प्लांटमध्ये आहारावरून दोन तट पडले होते. अर्धे दीक्षितवाले, अर्धे दिवेकरवाले. मी दीक्षितांकडचा.

भाची : आठवतं. आजी तुमच्यावर चिडायची, दुपारचा चहा घेत नाही म्हणून.

मामा : दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं, मध्ये काही नाही. पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात झकास जमलं. कुंडलिकेच्या काठी संध्याकाळी चालायचो. सेकंडला ओढाताण झाली. नाईटला तर सगळंच विस्कटलं. रात्री दोनला डोळे मिटायला लागतात, तेव्हा माणूस भुकेसाठी खात नाही, जागं राहण्यासाठी खातो. कँटीनमध्ये त्या वेळी काय मिळायचं? संध्याकाळी तळून ठेवलेले वडे आणि गोड चहा. मी किलो मोजत होतो आणि दर तिसऱ्या आठवड्यात पाळी माझं सगळं पुसून टाकत होती. दोष मी स्वतःलाच देत होतो. मनाचा निग्रह कमी, असं वाटायचं.

भाची : तो निग्रहाचा प्रश्न नव्हता, मामा. १९९९मध्ये शिकागोला अकरा तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. धडधाकट पोरं. आठवड्याच्या आत त्यांच्या शरीराला साखर नीट पेलवेना. रात्री उशिरा खाल्लेलं तेच अन्न रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढवतं. शरीराला रात्री जेवणाची अपेक्षाच नसते.

मामा : म्हणजे वजन माझं होतं, पण ते वाढवण्यात पाळीचाही हात होता. मग काट्यावर एकट्या मला का उभं करायचं? आधी कँटीनचा तेलाचा डबा काट्यावर ठेव.

भाची : म्हणजे?

मामा : पंधरा किलोचा डबा येतो ना? किती दिवस पुरतो ते लिहून ठेव. किती माणसं जेवली ते कुपनावरून कळतं. भागाकार कर. बस.

भागाकार मी करून पाहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. तिच्यात २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलेलं आहे. समजा, एखाद्या कँटीनमध्ये रोज अडीचशे माणसं खातात आणि रोज एक डबा संपतो. माणशी ६० ग्रॅम झाले, म्हणजे दिवसभराच्या वाट्याच्या दुप्पट, आणि तेही एकाच पाळीच्या खाण्यात. घरचं जेवण वेगळंच. फेब्रुवारी २०२५मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं आणि पुढे आरोग्य मंत्रालयाने कामाच्या ठिकाणी तेलाचं आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावायला सुचवलं. फलक लावावेतच. पण नाईटच्या ऑपरेटरसमोर फलक आणि वडा एकाच वेळी असतील तर तो वडाच उचलेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्या वेळी पेणच्या जाड पोह्यांची गरम बशी, उकडलेली अंडी, मुगाची उसळ समोर असेल तर तो तेही खाईल. समोर काय असावं हे कामगार ठरवत नाही, कँटीन ठरवतं. आणि कँटीन मालकाच्या अखत्यारीत असतं.

कायदाही इथे मदतीला येतो. १९४८च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असले की कँटीन बंधनकारक केलं. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने हा आकडा शंभरावर आणला, आणि त्या शंभरात कंत्राटी कामगारही धरले. जुन्या नियमांखाली कँटीनच्या समितीवर कामगारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी बसत आले आहेत. म्हणजे काय शिजवायचं यावर कामगाराचं मत घेण्याची जागा आधीपासून आहे. ती बहुतेक ठिकाणी भजी गार होती आणि चहा पातळ होता, एवढ्याच तक्रारींवर खर्च होते.

भाची : पटलं. पण साहेब विचारतील, यात कंपनीचे पैसे कुठे वाचले? अमेरिकेतली कंपनी विम्याचा हप्ता दाखवते.

मामा : आपल्याकडे विमा वेगळा चालतो, एवढं मलाही माहीत आहे.

भाची : हो. ईएसआय म्हणजे कामगार विमा लागू असेल तिथे पगाराच्या सव्वातीन टक्के मालकाचे आणि पाऊण टक्का कामगाराचा. कामगार बारीक झाला म्हणून मालकाची वर्गणी रुपयाने कमी होत नाही. २१ हजारांवर पगार असलेल्यांचा गटविमा असतो. तिथे गेल्या वर्षी दावे जास्त झाले तर पुढचा हप्ता वाढतो, पण एका माणसाच्या चार किलोंचा त्यात पत्ता लागत नाही. त्यात आता वजन उतरवण्याची इंजेक्शनं आलीत. मौंजारो मार्च २०२५मध्ये आपल्याकडे आलं, वेगोव्ही जूनमध्ये. उद्या कोणी विचारेल, कंपनीने त्याचे पैसे द्यायचे का.

मामा : ते डॉक्टर आणि त्या माणसाने बघावं. तू पाळीवर ये.

भाची : पाळी बदलणं माझ्या हातात नाही, मामा. प्लांट चोवीस तास चालणार.

मामा : चालू दे. पण ती फिरते कशी? आमची उलटी फिरायची. नाईट, मग सेकंड, मग फर्स्ट. दर वेळी झोप आधी ओढायची. पुढे ढकलणं शरीराला सोपं जातं, आधी ओढणं जड जातं. फर्स्ट, सेकंड, नाईट अशी फिरव. त्याला एक पैसा लागत नाही. आणि सेकंड सुटल्यावर दुसऱ्या दिवशी फर्स्टला बोलवायचं नाही. मी हे कमिटीत दोनदा मांडलं होतं.

भाची : मग?

मामा : हजेरीची सगळी व्यवस्था बदलावी लागेल म्हणाले. बसच्या वेळा, सुट्ट्या, सगळं.

भाची : आता ती संगणकावर आहे. बदलता येईल. आणि हे मी पैशात दाखवू शकते. रिलिव्हर नाही म्हणून किती डबल झाले, याची नोंद वेतन विभागात असते. पाळी सुलटी फिरवून वर्षभराने तीच नोंद पुन्हा काढायची. साहेबांना किलोपेक्षा ते लवकर कळेल.

मला या ठिकाणी मालकाची बाजू स्पष्ट करावीशी वाटते, कारण अशा लेखांत तो नेहमी कंजूष म्हणून रंगवला जातो. रसायनांच्या कारखान्यात अनुभवी माणूस टिकवणं हा दानधर्म नाही. पंधरा वर्षं रिअॅक्टर चालवलेल्या माणसाच्या जागी नवा माणूस तयार व्हायला वर्षं जातात, आणि त्या वर्षांत चुका होतात. त्या चुका कधी वाया गेलेल्या बॅचच्या रूपाने दिसतात, कधी त्याहून वाईट रूपाने. चाळिशीत मधुमेह उशिरा कळलेला माणूस पन्नाशीत पायाच्या जखमेने सुट्टीवर जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून त्याचा उंचीवरचा परवाना जातो. साठीपर्यंत चांगलं काम करू शकणारा माणूस पाच-सात वर्षं आधी बाजूला पडतो. मालकाचा खरा फायदा त्या वाचलेल्या वर्षांत आहे. तो नव्वद दिवसांत दिसत नाही, म्हणून नव्वद दिवसांची स्पर्धा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

तपासणीची जबाबदारीही नवी नाही. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात कामगाराची कामावर घेण्याआधी आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी करायची, हे १९८७च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. भोपाळनंतर ती दुरुस्ती झाली. दरवर्षी 'मेडिकल' होतं, रक्त घेतलं जातं, कागद फाइलीत जातो. साखर सीमेवर आलेल्या माणसाला त्या दिवशी कोणी बसवून सांगितलं तर उपक्रमाचं अर्धं काम तिथेच होईल.

भाची : म्हणजे स्पर्धा रद्द, बक्षीस रद्द. तेलाचा हिशोब, रात्रीचा नाश्ता, सुलटी पाळी आणि मेडिकलनंतर प्रत्येकाशी डॉक्टरांचं बोलणं. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. कंबरेची पट्टी. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. याज्ञिक सरांचं वाचल्यापासून मला पट्टी काट्यापेक्षा जास्त पटते.

मामा : पट्टी डॉक्टरांच्या खोलीत. तुझ्या टेबलावर नाही.

भाची : डॉक्टरांच्या खोलीत. पण मला प्रत्येक विभागाची सरासरी हवी. नावं नकोत. नाहीतर वर्षाने काय बदललं हे मी कसं दाखवू?

मामा : बॉयलरवर किती माणसं आहेत तुमच्याकडे?

भाची : सात.

मामा : सात माणसांची सरासरी सांगितलीस म्हणजे नावंच सांगितलीस. त्यातला जाडा कोण हे सगळ्यांना माहीत असतं. अख्ख्या कारखान्याची एकच घे.

भाची : एकच घेतली तर पाळीवाले आणि जनरल शिफ्टवाले वेगळे दिसत नाहीत. मला तर तोच फरक दाखवायचाय.

मामा : मग दोनच ढीग कर. पाळीवाले आणि जनरलवाले. त्याहून बारीक नको. हे लेखी दे, म्हणजे कमिटीही सही करेल.

भाची : चालेल. ते लेखी देते.

मामा : आणि ठेकेदाराची माणसं?

भाची : त्यांचं मेडिकल ठेकेदार करतो.

मामा : करतो की कागद आणून देतो? जुन्या कारखाने कायद्यात कामगार म्हणजे ठेकेदारामार्फत आलेलाही. हे मी कमिटीत असताना शिकलो. पंचवीस किलोची गोणी दिवसभर खांद्यावर मारणारा पोरगा तुला सडपातळ दिसतो, म्हणून तो तुझ्या उपक्रमात नाही. पण तोही नाईट करतो, तोही तोच वडा खातो, आणि त्याचा डबा घरून येत नाही. तूच याज्ञिक सरांचं वाचलंस ना, बारीक दिसणाऱ्याच्याही आत चरबी असते?

भाची : वाचलंय. पण ठेका वर्षाने बदलतो, मामा. माणसं बदलली तर वर्षभराची तुलना कशाशी करू?

मामा : पाटी बदलते, माणसं तीच येतात. वरशातली, धाटावची, आजूबाजूच्या वाड्यांतली. गेटपासच्या जुन्या नोंदी काढून बघ.

भाची : बघते. पण त्यांची तपासणी आणि डॉक्टरांचा वेळ करारातच घालावा लागेल, नाहीतर ठेकेदार पैसे कापेल. आणि नवा ठेका एप्रिलमध्ये आहे.

मामा : मग माणसांचं एप्रिलमध्ये कर. जानेवारीत कँटीन घे.

भाची : साहेब म्हणतील, तीन महिने नुसतं कँटीन?

मामा : सांग त्यांना, तीन महिन्यांनी तेलाचं बिल आणते. पहिल्या महिन्याचं आणि तिसऱ्या महिन्याचं. आणि त्याबरोबर नाईटच्या नाश्त्याला किती ताटं वाढली तेही आण, नाहीतर तेल वाचलं म्हणून आनंद करतील आणि पोरं उपाशी राहून बाहेरच्या टपरीवर जातील.